हातात काकण नाही, फक्त आरसा: पोटॅशियम फुलेराइड आणि प्रकाशस्पंदांचं एक प्रकरण

२०१६ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतला आंद्रेआ कावाल्लेरी यांचा गट, पहिलं नाव मात्तेओ मित्रानो यांचं. पोटॅशियम आणि कार्बन-६० यांच्या एका संयुगावर त्यांनी मध्य-अवरक्त लेसरचे अतिशय आखूड आणि अतिशय तीव्र स्पंद मारले होते. एरवी हे संयुग २० केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं, म्हणजे विजेला त्याचा रोध शून्य होतो. स्पंद पडल्यावर मात्र १०० केल्विनलाही काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) ते अतिवाहकासारखं वागताना दिसलं. पाचपट तापमान, आणि तेही पदार्थात ऊर्जा ओतून. अतिवाहकता टिकवायची तर पदार्थ थंड ठेवायचा, हे १९११ पासून शिकलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट उलटी वाटावी.

त्या निबंधाच्या शीर्षकाची सुरुवातच ‘शक्य’ या अर्थाच्या शब्दाने होते. सारांशातही लेखकांनी साफ लिहिलं होतं की, केवळ प्रकाशीय मोजमापांवरून ही अतिवाहकताच आहे असं निर्विवाद म्हणता येत नाही. तो शब्द तिथे का होता, नंतरच्या आठ-नऊ वर्षांत त्याचं वजन कुठे वाढलं आणि कुठे घटलं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे. प्रकाशाने पदार्थाचे गुणधर्म बदलण्याची उदाहरणं आता ढिगाने आहेत. पण दिसलं काय आणि त्यातून ताडलं काय, यातलं अंतर याच्याइतकं उघडं दुसऱ्या कुठल्या उदाहरणात पडलेलं मला तरी माहीत नाही.

पदार्थ

कार्बन-६० म्हणजे साठ अणूंचा पोकळ चेंडू. बारा पंचकोन, वीस षटकोन, व्यास साधारण ०.७ नॅनोमीटर. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना तो सापडला. गंमत अशी की, त्याच वर्षी रॉचेस्टरमध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी लेसरचा स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी पुन्हा आवळायचा, ही युक्ती प्रसिद्ध केली. तीव्र आणि आखूड स्पंद हाताशी आले ते या युक्तीमुळे. चेंडूला १९९६ चं नोबेल मिळालं, युक्तीला २०१८ चं. त्यांची गाठ पडायला मात्र तीस वर्षं लागली.

या चेंडूंच्या स्फटिकात दर चेंडूमागे पोटॅशियमचे तीन अणू बसवले की के३सी६० तयार होतं. तिन्ही अणू आपापला एक इलेक्ट्रॉन चेंडूला देऊन टाकतात. चेंडूवर त्या ऊर्जापातळीला सहा जागा असतात, त्यातल्या तीन भरतात. स्फटिकात या पातळ्या मिळून ऊर्जेचा एक पट्टा होतो, आणि अर्धा भरलेला पट्टा म्हणजे धातू. पण हा तांब्यासारखा मोकळाढाकळा धातू नव्हे. चेंडूवरून शेजारच्या चेंडूवर उडी मारणं इलेक्ट्रॉनला जड जातं, आणि एकाच चेंडूवर दोघे आले की त्यांच्यातलं प्रतिकर्षण उडीच्या ऊर्जेच्या तोडीचं असतं. क्वांटम पदार्थ म्हणतात ते अशांनाच. त्यांच्यात कुठली एक प्रेरणा निर्विवाद मोठी नसते. दोन-तीन तुल्यबळ प्रेरणांची रस्सीखेच चालू असते आणि जरा धक्का लागला की पारडं फिरतं.

१९९१ मध्ये बेल प्रयोगशाळेत या संयुगात अतिवाहकता सापडली. इथे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात त्या बव्हंशी चेंडूच्या स्वतःच्या कंपनांमुळे. चेंडू किंचित लांबोडका-चपटा होतो, त्या विकृतीत इलेक्ट्रॉन एकमेकांना सावरून घेतात. मग प्रश्न सुचणं साहजिकच होतं: जोडी चेंडूच्या थरथरण्यावर जमत असेल, तर चेंडूलाच मुद्दाम थरथरवलं तर?

धक्का

चेंडूची अवरक्त प्रकाशाला दाद देणारी दोन कंपनं ३५ आणि ४१ टेराहर्ट्झच्या आसपास आहेत (एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला लाख कोटी कंपनं). स्पंदाची तरंगलांबी म्हणून ७ मायक्रोमीटरच्या आसपास ठेवली होती. स्पंदाची लांबी ३०० फेम्टोसेकंद (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग), दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ मिलिज्यूल ऊर्जा. त्या क्षणीचं विद्युतक्षेत्र दर सेंटीमीटरला दहा लाख व्होल्टांच्या पुढे जातं.

हे आकडे भयंकर वाटतात, म्हणून एक साधा हिशेब करून पाहावा. ही ऊर्जा वरच्या सुमारे ०.२ मायक्रोमीटर थरात शोषली जाते. त्या थरातले चेंडू मोजले आणि परावर्तनात वाया जाणारा भाग सोडून दिला, तर दर चेंडूमागे फार तर एक-दीड फोटॉन येतो. म्हणजे एकेका चेंडूवर घण घातलेले नाहीत, ती एकेक टिचकी आहे. फक्त ती सगळ्यांना एकाच तालात, एकाच क्षणी मारलेली आहे. उष्णतेत आणि यात फरक पडतो तो इथे. उष्णता तेवढीच ऊर्जा सगळ्या दिशांना, सगळ्या कंपनांत विस्कळीत वाटून टाकते. स्पंद ती एकाच दारातून आत सोडतो. अर्थात पुढच्या काही पिकोसेकंदांत तीही विस्कळीत होतेच. प्रश्न त्याआधीच्या अवधीचा आहे.

प्रयोगाची घडण थोडक्यात अशी. हे संयुग हवेत टिकत नाही, त्यामुळे भुकटी निष्क्रिय वायूत हाताळून हिऱ्याच्या खिडकीमागे दाबून बंद केलेली. खिडकीतून मध्य-अवरक्त स्पंद आत जातो, आणि ठरावीक विलंबाने टेराहर्ट्झचा एक दुबळा स्पंद जाऊन परावर्तित होऊन येतो. हा दुसरा स्पंद चाचपणारा. त्याचं विद्युतक्षेत्रच काळानुसार मोजता येतं, त्यामुळे किती परावर्तन झालं आणि कला, म्हणजे तरंगाच्या चढउतारांची जागा, किती सरकली, दोन्ही कळतात. या दोन्हींवरून वाहकतेचे दोन भाग काढता येतात: ऊर्जा खाणारा आणि न खाता नुसता झुलणारा.

अतिवाहकाची ओळख या चष्म्यातून तीन खुणांनी पटते. एक, ठरावीक ऊर्जेखाली परावर्तन जवळजवळ शंभर टक्के होतं. दोन, वाहकतेचा ऊर्जा खाणारा भाग तिथे कोसळतो, ऊर्जा-फट उघडते, कारण जोडी फोडण्याइतकी ऊर्जा त्या फोटॉनात नसते. तीन, झुलणारा भाग वारंवारता कमी होत जाईल तसा उसळत जातो. २० केल्विनच्या खाली, कुठलाही लेसर न मारता, के३सी६० या तिन्ही खुणा दाखवतं. २५ केल्विनला, स्पंद मारल्यावर एखाद्या पिकोसेकंदाने, त्याने पुन्हा तिन्ही दाखवल्या. फट उलट मोठी निघाली: समतोलात, म्हणजे लेसर न मारता, ६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, इथे १० च्या पुढे. तापमान वाढवत नेलं तरी १०० केल्विनपर्यंत चित्र ओळखू येत होतं. २०० आणि ३०० ला फट बुजली होती, फक्त वाहकता थोडी सुधारलेली उरली.

लेसरने पदार्थ नुसता तापला असता तर परावर्तन घटलं असतं. ते वाढलं. एवढ्यावर कुणीही खुर्चीत सरसावून बसेल.

आरसा

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. या प्रयोगात अडचण नेमकी उलटी आहे. हातात काकण नाही, फक्त आरसा आहे. नमुन्यातून प्रवाह सोडून रोध शून्य झाला का हे पाहिलेलं नाही, चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकलं गेलं का हेही नाही. परावर्तन पाहिलं आणि त्यावरून आत काय चाललं असेल हे काढलं. त्या काढण्यात दोन जागा कच्च्या होत्या. एक वेळेची, दुसरी खोलीची.

वेळेची आधी. अतिवाहकता म्हणजे शून्य रोध, आणि शून्य रोध ही शून्य वारंवारतेची, म्हणजे थांबून केलेल्या मोजमापाची गोष्ट. जी अवस्था एक पिकोसेकंदच जगते, तिच्याबद्दल १ टेराहर्ट्झच्या खालचा कुठलाही प्रश्न विचारताच येत नाही. उत्तर यायच्या आत ती संपते. १ टेराहर्ट्झ म्हणजे ऊर्जेच्या भाषेत ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. ज्या फटीबद्दल बोलायचं ती १० च्या घरातली, आणि तिच्या खालचं बरंचसं अंगण धुक्यात. तिथे अतिवाहक आणि अतिशय उत्तम धातू यांत फरक करणं जवळपास अशक्य. धातूत इलेक्ट्रॉनांची टक्कर अगदी विरळ झाली, तर झुलणारा भाग तोही तसाच उसळवून दाखवतो. म्हणून २०१६ नंतरचा पहिला गंभीर पर्याय हाच होता: प्रकाशाने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमवलेल्या नाहीत, फक्त त्यांची वाट मोकळी केली आहे.

हॅम्बुर्गच्या गटाने यावर केलेला प्रयोग मला या सगळ्या मालिकेतला सर्वांत देखणा वाटतो, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. २०१८ मध्ये त्यांनी तोच नमुना दाबाखाली ठेवला. दाबाने चेंडू जवळ येतात, उडी सोपी होते, पट्टा रुंदावतो. साधा धातू असेल तर दाबाने तो अधिक चांगला धातू व्हायला हवा. पण के३सी६० ची मूळची, समतोलातली अतिवाहकता दाबाने कमजोर होते, कारण रुंद पट्टा जोडी जमण्याच्या मुळावर येतो. दोन पर्याय, दोन उलट भाकितं. प्रकाशाने आलेल्या अवस्थेच्या खुणा दाब वाढवत नेल्यावर विरत गेल्या आणि ०.३ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या सुमारे तीन हजार पट दाबाला, नाहीशा झाल्या. म्हणजे अवस्था धातूच्या बाजूने नव्हे, अतिवाहकाच्या बाजूने बोलली. तरीही पुरावा आरशातलाच. आरशातली आकृती कुठल्या दिशेने हलते हे कळलं, आकृती कुणाची ते अजून नाही.

वेळेच्या अडचणीवर खरा उतारा आला २०२१ मध्ये. धक्का फेम्टोसेकंदांचा देण्याऐवजी लांबवला. १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश देणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेसरवर आधारलेली एक नवी यंत्रणा बांधली. तिच्या स्पंदाची लांबी पिकोसेकंदापासून नॅनोसेकंदापर्यंत हवी तशी ठेवता येत होती. पुरेसा वेळ ढकलत राहिल्यावर तीच अतिवाहकासारखी अवस्था मितस्थिर, म्हणजे काही काळ स्वतःहून टिकणारी, झाली. धक्का थांबल्यावरही ती दहा नॅनोसेकंदांहून जास्त टिकली. पिकोसेकंदाच्या मानाने हे आयुष्य दहा हजार पट आहे. एवढ्या अवधीत नमुन्याला तारा जोडून प्रवाह सोडता येतो. तसा सोडला, आणि रोध मोजण्याच्या मर्यादेत नगण्य झाला. टेराहर्ट्झच्या चाचपणीतून अवस्था जितक्या वेळात विरताना दिसत होती, तितक्याच वेळात रोधही पूर्ववत झाला.

माझ्या मते ‘शक्य’ या शब्दाचं वजन सर्वांत जास्त वाढलं ते इथे. कारण हे दुसऱ्या जातीचं मोजमाप आहे. परावर्तनाच्या हिशेबात एखादी चूक असेल तर ती रोधाच्या मोजमापात त्याच रूपात उतरण्याचं कारण नाही.

एक बारकी गोष्ट मात्र इथेच नोंदवायला हवी. १०.६ मायक्रोमीटर म्हणजे २८ टेराहर्ट्झ. चेंडूची ती दोन कंपनं ३५ आणि ४१ ला. म्हणजे ज्या कंपनाला धरून सगळी गोष्ट सुरू झाली, त्याच्यावर नेम धरलेलाच नव्हता, आणि तरी फळ पडलं.

खोली

आता दुसरी कच्ची जागा. ही जरा सावकाश घ्यायला हवी, कारण या प्रकरणातला खरा पेच इथे आहे.

धक्का देणारा स्पंद ०.२ मायक्रोमीटर खोल जातो. चाचपणारा टेराहर्ट्झ स्पंद त्याच्या कितीतरी पट खोल जातो. म्हणजे परत येणाऱ्या प्रकाशात बदललेला वरचा पातळ थर आणि न बदललेला खालचा जाड थर, दोघांचं मिश्रण असतं. मोजलेला बदल म्हणून लहान दिसतो. वरच्या थरात प्रत्यक्षात काय झालं हे कळायला हे मिश्रण सोडवावं लागतं, आणि ते सोडवायला खोलीबरोबर परिणाम कसा उतरत जातो याचं काही गृहीत धरावं लागतं. हॅम्बुर्गच्या विश्लेषणात ते सरळ धरलं होतं: प्रकाश खोलीबरोबर ज्या वेगाने क्षीण होतो, त्याच वेगाने परिणामही क्षीण होतो.

परिणाम प्रकाशाच्या प्रमाणात असेल तोवर हे ठीकच. पण तो तुंबत असेल तर? रंगाचं उदाहरण घेऊ. कापडाची जाड घडी आहे आणि वरून रंग ओतला. थोडा ओतला तर वरची पदरं गडद, खालची फिकी, उतार छान मिळतो. भरपूर ओतला तर वरची चार-पाच पदरं सारखीच चिंब होतात, कारण एका पदराला रंग पिण्याची मर्यादा असते, आणि उतार बराच खाली सुरू होतो. आता घडी न उलगडता, प्रकाशासमोर धरून फक्त एकूण रंग मोजायचा आणि ‘उतार पहिल्यासारखाच असणार’ असं धरून वरच्या पदराचा गडदपणा काढायचा. उत्तर येईल ते कुठलंच पदर कधी होऊ शकणार नाही इतकं गडद असेल.

आकड्यांत पाहायचं तर, समजा परिणाम तुंबतो आणि पृष्ठभागावर पडणारा प्रकाश तुंबण्याच्या मर्यादेच्या दहापट आहे. मग पृष्ठभागावर परिणाम कमाल शक्यतेच्या ९१ टक्के असतो. प्रकाशाच्या एका शोषण-खोलीवर, जिथे प्रकाश ३७ टक्क्यांवर आलेला असतो, तिथेही तो ७९ टक्के उरतो. सगळ्या खोलीभरची बेरीज येते २.४. साधा उतार धरणारा माणूस हीच बेरीज पाहून म्हणेल की, पृष्ठभागावर परिणाम २.४ आहे. प्रत्यक्षात तो ०.९१. अडीच पटीहून जास्त फुगवटा, आणि कुणीही लबाडी केलेली नाही. (परावर्तनाचं गणित नुसत्या बेरजेइतकं सरळ नसतं; हा हिशेब फक्त कल पाहण्यापुरता.)

फुगवट्याने नुसतं जास्त-कमी झालं असतं तर बिघडत नव्हतं. इथे तो वर्णपटाचा आकारच बदलतो. वाहकतेत एखादा उथळ खळगा पडला असेल, तर फुगवलेल्या हिशेबात तो तळाला टेकतो. आणि तळाला टेकलेल्या खळग्यालाच आपण ऊर्जा-फट म्हणणार होतो.

२०२३ मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातून स्टीव्हन डॉज आणि सहकाऱ्यांनी नेमका हा आक्षेप ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मांडला. तीव्र प्रकाशात असं तुंबणं सर्रास होतं, के३सी६० च्या छापून आलेल्या मोजमापांतच त्याच्या खुणा आहेत, आणि तेवढ्याने नसलेली अतिवाहकता असल्यासारखी दिसू शकते, हा त्यांचा मुद्दा. यातल्या ‘दिसू शकते’कडे लक्ष द्यायला हवं. अतिवाहकता नाहीच, असं हा युक्तिवाद सिद्ध करत नाही. ती आहे म्हणायला परावर्तनाचा पुरावा पुरत नाही, एवढं तो सांगतो. हॅम्बुर्गच्या गटाने आक्षेप मान्य केला नाही आणि सविस्तर लेखी प्रतिवाद केला.

आक्षेप मला बिनतोड वाटतो, पण तो नेमका कुठे लागतो हे ओळखायला हवं. २०१६ च्या फटीला तो लागतो, आणि चांगलाच लागतो. इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी झाली, एवढं त्यातून निसटून उरतं. ते तर २०१६ च्या सारांशातही पहिल्या क्रमांकाने लिहिलेलं होतं. २०२१ च्या रोधाला तो तसाच्या तसा लागत नाही. आणि दाबाच्या प्रयोगाला लागतो की नाही यावर मी बराच वेळ घुटमळलो. फुगवट्याचं प्रमाण दाबाने मुळात बदलेल का? तुंबण्याची मर्यादा आणि शोषण-खोली दोन्ही फारशा हलत नसतील, तर फुगवटा सगळीकडे जवळपास सारखाच राहील, आणि मग दाबाने खुणा विरल्या हे निरीक्षण उभं राहतं. फटीची रुंदी त्यावरून सांगू नये, दिशा सांगावी.

भलत्याच ठिकाणी लागलेला सूर

त्याच २०२३ मध्ये हॅम्बुर्गहून आणखी एक निकाल आला. या वेळी धक्क्याची वारंवारता बदलत बदलत खाली आणली. १० टेराहर्ट्झच्या आसपास पदार्थाची दाद जवळपास शंभर पट वाढली, म्हणजे तोच परिणाम घडवायला शंभरावा हिस्सा प्रकाश पुरू लागला. आणि त्या वारंवारतेला अतिवाहकासारखी मितस्थिर अवस्था थेट खोलीच्या तापमानापर्यंत दिसली.

खोलीचं तापमान हा शब्द ऐकला की सगळ्यांचे कान टवकारतात, पण मला यातला महत्त्वाचा आकडा १० टेराहर्ट्झचा वाटतो. एक तर कमी प्रकाशात काम भागलं की तुंबण्याची शंका आपोआप सैल पडते. दुसरं, सिद्धांतांची पुरती तारांबळ उडते. तोवर बहुतेकांनी चेंडूच्या ३५-४१ टेराहर्ट्झच्या कंपनांवर इमले उभारले होते. कुणी म्हणत होतं, एक कंपन दुसऱ्या कंपनाला झोका देतं, त्या झोक्यात जोडी घट्ट होते. कुणी म्हणत होतं, चेंडूवरच्या तीन कक्षांमधली समानता प्रकाश मोडतो आणि जोडीचं फावतं. आणखी एका गटाने, ज्यात मिशेले फाब्रित्सिओ आणि एरिओ तोसात्ती होते, २०१८ मध्ये अगदी वेगळीच चाल सुचवली होती: प्रकाशाने चेंडूवर स्थानिक उत्तेजनं तयार होतात, ती भोवतालच्या इलेक्ट्रॉनांची अव्यवस्था शोषून घेतात, आणि उरलेले इलेक्ट्रॉन चक्क थंड होतात. प्रकाशाने गारवा. ही कल्पना मला पहिल्यांदा वाचली तेव्हा हातचलाखी वाटली होती. आता ती सगळ्यांत कमी अडचणीत आहे असं वाटतं, कारण तिला ४१ टेराहर्ट्झच्या कंपनाची गरजच नाही. जे सिद्धांत त्या कंपनाशी बांधलेले होते त्यांना १० चा आकडा गिळता येत नाही. आणि २८ ला फळ पडलं होतं तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं.

खोलीच्या तापमानाची अतिवाहकता म्हणून विजेच्या तारांची स्वप्नं कुणी पाहू लागलं तर त्याला थांबवलेलं बरं. अवस्था नॅनोसेकंदांची, नमुना हवेत न टिकणारा, आणि ती उभी करायला लेसर लागतो. उपयोग झालाच तर तो अतिशय वेगाने रोध चालू-बंद करणाऱ्या छोट्या उपकरणांत होईल.

पातळ थर

खोलीच्या आक्षेपावर सरळ उपाय एकच: खोलीच काढून टाकायची. भुकटीऐवजी इतका पातळ थर घ्यायचा की धक्क्याचा प्रकाश त्यात आरपार सारखा भरेल. म्हणजे घडीच नको, एकच पदर. २०२३ मध्येच हॅम्बुर्गच्या गटाने के३सी६० चे पातळ थर एका चिपवर बसवले, दोन्ही बाजूंना प्रकाशाने उघडणारे विजेचे खटके, आणि मध्ये प्रवाहाचे पिकोसेकंद लांबीचे ठोके. परावर्तन नाही, हिऱ्याची खिडकी नाही. ठोका पाठवला किती आणि पलीकडे पोचला किती, एवढंच मोजायचं.

यातली चलाखी ठोक्याची उंची बदलण्यात आहे. साधा धातू, मग तो कितीही चांगला असो, दुप्पट व्होल्टेजला दुप्पट प्रवाह देतो. अतिवाहक तसं करत नाही. ठरावीक प्रवाहापलीकडे जोड्या तुटू लागतात आणि रेष वाकते. स्पंद मारलेल्या थरात रेष वाकलेली मिळाली. वाकण्याची तऱ्हा एकसंध अतिवाहकाची नव्हती. अतिवाहकतेची बेटं आणि त्यांच्यामध्ये दुबळे पूल, असं कणीदार चित्र त्यातून निघालं.

पण लेखकांनी तिथेही एक वाक्य घालून ठेवलं आहे: या थरांमध्ये जे चालतं ते भुकटीत चालणाऱ्याशी तंतोतंत एकच असेलच असं नाही. थर स्वतःच कणीदार असतात. भुकटीवर फट दिसली, पण खोलीची शंका. थरावर खोलीची शंका नाही, पण तो भुकटी नव्हे. एकाच नमुन्यावर सगळ्या चाचण्या एकत्र, हे अजून जुळायचं आहे.

आणि चुंबकीय क्षेत्र? अतिवाहकाची सर्वांत जुनी आणि सर्वांत कडक परीक्षा तीच: नुसता शून्य रोध नव्हे, क्षेत्र बाहेर फेकणं. उत्तम धातू क्षेत्राचा बदल अडवतो, पण आधीपासून आत असलेलं क्षेत्र बाहेर ढकलत नाही. अतिवाहक ढकलतो. धातू आणि अतिवाहक यांचा इतका साफ निवाडा दुसरं कुठलंच मोजमाप करत नाही. त्याच गटाने २०२४ मध्ये हे क्षेत्र पिकोसेकंदांच्या अंतराने मोजून दाखवलं. नमुन्याला खेटून गॅलियम फॉस्फाइडचा स्फटिक ठेवला, आणि क्षेत्र बदललं की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण किती फिरतं ते टिपलं. प्रकाशाने ढकललेल्या नमुन्याच्या कडेला क्षेत्र वाढलेलं दिसलं, म्हणजे आतून ते बाहेर सारलं जात होतं. नमुना मात्र के३सी६० चा नव्हे, यिट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड या दुसऱ्याच अतिवाहकाचा होता.